शुक्रवारची बोटं

सोनलने राऊटरची वायर उपटली, मनात काहीतरी मोजलं आणि ती पुन्हा खोचली. मग मान तिरकी करून ती टेबलावरच्या टॅबकडे बघत राहिली. स्क्रीनवर दुसऱ्या बाळाचं नाव आलं होतं आणि वजनाचा रकाना रिकामा होता. तो रिकामाच असायला हवा होता.

"आला का?" वृषालीने दारातूनच विचारलं.

"नाही ताई."

वायरचं टोक अजून सोनलच्या बोटांत होतं. हरभऱ्याच्या घाट्यातून दाणा काढावा तसं ती ते दाबत होती. वृषालीने पर्स खुर्चीला अडकवली. ओढणीचं एक टोक चुरगळलेलं होतं. सकाळी निघताना तिच्या लेकीने, मित्राने, ते मुठीत धरलं होतं आणि एकेक बोट उलगडून सोडवावं लागलं होतं. सात महिन्यांच्या बाळाच्या बोटांत एवढा जोर कुठून येतो, हे तिला रोज निघताना नव्याने कळायचं.

खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि वर हे ऑफिस. चार टेबलं, एक कूलर, भिंतीवर चिठ्ठ्यांचा फळा. फळ्यावर तीन रकाने होते: करायचं, चालू, झालं. दोन आठवड्यांच्या कामाला इथे स्प्रिंट म्हणत आणि स्प्रिंट संपताना सगळ्या चिठ्ठ्या उजवीकडे सरकलेल्या असाव्यात हे बघणं वृषालीचं काम होतं. तिच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. शेजारच्या टेबलावरचा कौतिक तिला मास्तरीणबाई म्हणायचा.

या खेपेला सगळ्या चिठ्ठ्या उजवीकडे होत्या.

काम धुळ्याच्या एका हॉस्पिटलचं होतं. त्यांचा लहान मुलांचा नवा वॉर्ड सोमवारी पाहुण्यांच्या हस्ते सुरू होणार होता. नर्सने बाळाला काट्यावर ठेवायचं, टॅबवर वजन टाकायचं, की डॉक्टरांनी लिहिलेलं औषध त्या बाळाला किती द्यायचं ते मिलिलिटरमध्ये समोर यायचं. काम साधं होतं. कोड लिहिणाऱ्या प्रशीलने ते मन लावून केलं होतं. पण दहा-बारा दिवसांपूर्वी तपासताना सोनलला दोनदा एक विचित्र गोष्ट दिसली. मधेच नेट जाऊन परत आलं आणि तेवढ्यात पुढच्या बाळाचं नाव उघडलं, तर आधीच्या बाळाचं वजन तसंच त्याच्यासमोर राहिलं. नाव नवं, वजन जुनं. डोस अर्थातच जुन्या वजनाचा.

दोनदा दिसलं आणि मग दिसेना. प्रशीलने कोड वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात काही सापडलं नाही. सोनल दिवसभर वायर उपटत बसायची. शेवटी या धंद्यात जे सगळीकडे करतात तेच इथेही झालं. चूक पुन्हा दिसत नसेल तर ती किती दिवस उघडी ठेवणार? लॅपटॉपवर त्या चुकीचं कार्ड होतं, त्यावर 'बग पुन्हा आढळला नाही' असं लिहून प्रशीलने ते बंद केलं. कोणी हरकत घेतली नाही. वृषालीनेही नाही. सोनल मात्र सकाळी आल्या आल्या आणि दुपारचा डबा उरकला की कोणी न सांगता त्या वायरीपाशी जाऊन बसायची. ती चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची. तिथून शिकायला जळगावात आली आणि इथेच राहिली. बोलायची कमी. सकाळी उभ्याने होणाऱ्या छोट्या बैठकीत काही अडचण आहे का असं विचारलं की सगळ्यांसारखीच म्हणायची, नाही.

रोज सगळेच नाही म्हणत. वृषालीलाही ते ओळखीचं होतं. ती दिवसातून तीनदा घरी फोन करायची आणि सासूबाई तीनदा म्हणायच्या, बठ्ठं बराबर शे, तू तुझं काम कर. मागच्या आठवड्यात मित्राला ताप होता तेव्हाही संध्याकाळपर्यंत सगळं बराबरच होतं. सासूबाई, म्हणजे नर्मदाबाई, पाचोऱ्याचं घर बंद करून नातीसाठी इथे येऊन राहिल्या होत्या. वृषालीच्या कामात व्यत्यय नको म्हणून त्यांनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि फोनवर काही सांगितलं नाही. त्यांना रागावणार तरी कसं?

त्या संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वजन विचारलं. नर्मदाबाईंनी तत्परतेने मागच्या महिन्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"मागचं नको, आजी. आत्ताचं."

मित्राला काट्यावर ठेवलं तर ती तापाने बरीच उतरलेली निघाली. औषधाच्या बाटलीवरची मापाची रेघ एकने खाली आली. डॉक्टरीणबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. वृषाली मात्र घरी जाताना रिक्षात बाटली हातात घेऊन त्या दोन रेघांमधल्या अंतराकडे बघत राहिली होती.

तेव्हापासून ते बंद केलेलं कार्ड तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

दुपारी लीलाधरभाऊ आले. कंपनी त्यांची. मूळचे धुळ्याचे. पुण्यात वीस-बावीस वर्षं नोकरी करून परत आले आणि आपल्या भागातल्या पोरांना आपल्या भागातच काम द्यायचं म्हणून त्यांनी हे उभं केलं. दंडावर घडी पडलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना भाऊच म्हणत. बुधवारी एक टॅब सोबत घेऊन ते धुळ्याला जाऊन वॉर्ड बघून आले होते. भिंतींवर ससे आणि फुगे काढलेत, पाळण्यांना नवीन चादरी आल्यात, एवढंच त्यांनी आल्यावर सांगितलं. कौतिकने केळीच्या वेफर्सचा पुडा पुढे केला तर एक उचलून हातातच ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, तिथल्या भिंती जाड आहेत, नेट मधूनमधून जात असेल ना रे?

"धुयानं नेट शे भाऊ," कौतिक म्हणाला होता. "मनमा उनं तं येस."

मनात आलं तर येणारं नेट, यावर सगळे हसले होते. भाऊही, जरासे उशिराने.

आज ते थेट फळ्यापाशी गेले आणि उजवा रकाना वरून खाली बघितला. त्यांच्यासाठी हे नुसतं एक काम नव्हतं. हॉस्पिटलचे डॉक्टर रुपचंद त्यांच्या शाळेतले सोबती. शिवाय काम ज्या पुण्याच्या कंपनीमार्फत आलं होतं, तिने स्पष्ट कळवलं होतं. धुळं सोमवारी सुरळीत सुरू झालं तर आणखी तीन हॉस्पिटलांचं काम जळगावच्या टीमला. नाहीतर सगळं पुण्यात हलवायचं आणि इथल्यांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी तिकडे यायचं. भाऊंनी हे वृषालीला एकटीला सांगितलं होतं. सांगताना त्यांनी तिच्या बाळाची चौकशीही केली होती. नवरा बुद्धभूषण रेल्वेत, ड्यूटी भुसावळला. सासूबाई पुण्यात चार दिवस टिकायच्या नाहीत. ज्यांना यायचं असेल त्यांच्यात आपण नसू, हे वृषालीला तेव्हाच समजलं होतं. प्रसूतीच्या रजेनंतर ही नोकरी परत मिळाली होती, तीच मुळात भाऊंच्या शब्दामुळे.

"चला," भाऊ म्हणाले, "बोटं दाखवून घेऊ."

हा त्यांचाच नियम. काम बाहेर पाठवायच्या आधी, स्प्रिंटच्या शेवटच्या शुक्रवारी, सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकदम हात वर करायचे. पूर्ण खात्री असेल तर पाच बोटं. दोन-तीन म्हणजे धाकधूक आहे, पण चालेल. मूठ म्हणजे शून्य, म्हणजे थांबा. एक जरी मूठ आली तरी काम बाहेर जायचं नाही, मग ती कालच लागलेल्या पोराची का असेना. पुण्यातून येताना भाऊंनी ही पद्धत सोबत आणली होती आणि तिचं त्यांना फार कौतुक होतं. आजवर एकदाही मूठ आली नव्हती.

का आली नव्हती, ते वृषालीने बघून ठेवलं होतं. ती मत देत नसे. बोटं मोजणारीने बोटं दाखवायची नसतात. त्यामुळे तिला नुसतं बघायला वेळ असे. एकदम हात वर करा म्हटलं तरी ते एकदम व्हायचे नाहीत. भाऊंचा हात आधी जायचा. प्रशील भाऊंकडे बघायचा, कौतिक प्रशीलकडे, आणि सोनलचा हात सगळ्यांत शेवटी, इतरांची सरासरी काढल्यासारखा. भाऊंचे पाच, म्हणून प्रशीलचे चार. भाऊंच्या पाचासमोर मूठ धरायची म्हणजे काय, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. ज्याने घराजवळ नोकरी दिली, ज्याने आईच्या ऑपरेशनला सुटी देऊन वर गाडी पाठवली, त्याच्या तोंडावर मूठ कशी धरणार? पद्धत पुण्याची होती, हात इथले होते.

खुर्च्या ओढून सगळे गोल बसले. कूलरचा आवाज मोठा होता म्हणून कौतिकने तो बंद केला. खोली एकदम गरम झाली.

वृषाली उभीच राहिली. हे वाक्य तिने सकाळपासून चार प्रकारांनी जुळवून पाहिलं होतं. बोलताना ते पाचव्याच प्रकाराने बाहेर आलं.

"भाऊ, आज डोळे मिटून करायचं का?"

भाऊंनी भुवया उंचावल्या.

ती घाईने समजावू लागली. बऱ्याच ठिकाणी असं करतात. एकमेकांचं बघून बोटं ठरू नयेत म्हणून. डोळे फक्त माझे उघडे राहतील. कोणी किती दाखवले ते मी सांगणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. सगळ्यांत कमी आकडा कोणता आला, तेवढाच सांगेन.

"आंधळी कोशिंबीर," कौतिक म्हणाला. "मास्तरीणबाईवर राज्य."

प्रशील हसला. सोनल हसली नाही. भाऊ क्षणभर वृषालीकडे बघत राहिले आणि त्यांच्या नजरेतलं तिला काही ओळखता येईना.

"कर," ते म्हणाले. आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांची माणसं तिने एरवी फक्त घरात पाहिली होती. चौघांचे चेहरे एकाएकी लहान दिसू लागले. कौतिकच्या पापण्या फडफडत होत्या. सोनलने ओठ आत ओढून घेतले होते.

"हात वर करा," वृषाली म्हणाली.

या वेळी कोणाचाच हात लगेच वर गेला नाही. बघायला कोणी नसलं की माणूस किती वेळ घेतो, ते ती बघत होती. मग कौतिकची तीन बोटं. प्रशीलची तीन, त्यातलं एक तो आत घेऊ का बाहेर ठेवू असं करत होता, शेवटी दोन उरली. सोनलकडे वृषाली श्वास रोखून बघत होती. सोनलचा हात खांद्याच्या वर गेला नाही. त्या हाताची दोन बोटं उभी राहिली आणि तशीच राहिली. दोन. डोळे मिटूनही सोनल मूठ धरायला धजली नव्हती.

म्हणजे झालं तर. दोन म्हणजे चालेल. वृषालीच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली गेलं. तिला त्याची लाज वाटली, पण ते सैल झालं हे खरं.

मग तिने भाऊंकडे पाहिलं.

भाऊंचा हात वर होता. नेहमीचा, सरळ, शर्टाच्या बाहीची घडी न मोडता वर जाणारा हात. चार बोटं उभी होती. ती बघत असतानाच करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं बोट. थोडा वेळ दोन बोटं राहिली, आणि मग तीही, कोणीतरी बाहेरून एकेक दुमडत असल्यासारखी, आत गेली. अंगठा वरून आला. ती मूठ काही घट्ट नव्हती. दिवसभर गाडी चालवून आल्यावर माणूस नुसता हात मिटून ठेवतो, तशी होती.

वृषालीला बुधवार आठवला. हातातच राहिलेला वेफर आठवला.

"हात खाली," ती म्हणाली. "डोळे उघडा."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. भाऊंनी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

"किती आलं?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांत कमी?"

ती एकटीच पाहणारी होती. दोन असं ती म्हणाली असती, तर सोमवारी टॅब धुळ्याला गेले असते. तीन हॉस्पिटलांचं काम आलं असतं. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की सव्वासहाला मित्रा तिच्या कुशीत असती, पुढेही, कितीतरी वर्षं. तिला खोटं ठरवणारा खोलीत एकच माणूस होता. आणि तो तसं करू शकत नव्हता. माझी तर मूठ होती, असं त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाऊ तिच्या ओठांकडे बघत होते. बाजारातून आलेल्या आईच्या पिशवीकडे मूल बघतं तसं. तिने काय म्हणावं असं त्यांना वाटत होतं, ते बहुधा त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

मागचं नको, आजी. आत्ताचं.

"शून्य," वृषाली म्हणाली.

प्रशीलची मान झटक्यात वळली, सोनलच्या दिशेने. कौतिकचीही. सोनल गोंधळून आपल्याच हाताकडे बघू लागली. आपण दोन दाखवले की नाही, याची तिलाच शंका आल्यासारखी.

"एकच?" भाऊंनी विचारलं. अगदी हळू. "का आणखी कोणी?"

हा प्रश्न नियमात नव्हता. वृषालीने खुर्ची ओढली आणि इतका वेळ उभी होती ती गोलात बसली. उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं मिटली.

"दोन," ती म्हणाली. "त्यातली एक माझी."

बोटं मोजणारीने बोटं दाखवायची नसतात, हे कोणी तिला म्हणालं नाही. खाली दुकानात कोणीतरी नळ्यांचं भेंडोळं जमिनीवर टाकलं, त्याचा आवाज जिन्यातून वर आला. भाऊंनी तिच्या मुठीकडे पाहिलं. मग उठले, फोन घेतला आणि गॅलरीत गेले. जाताना दार ओढून घ्यायचं राहिलं.

"रुपचंद," ते म्हणत होते, "सोमवारले नही जमाव." मग बराच वेळ पलीकडचं ऐकणं. "नही, बठ्ठं शे. पन माले भरोसा नही." पुन्हा ऐकणं. "तुना पाव्हनासले काय सांगानं ते तू सांग. माले सांगाले लाव, मी सांगस."

पुण्याला फोन लावला नाही. तो नंतर लावायचा होता, आणि त्यात काय बोललं जाईल ते वृषालीला आत्ताच ऐकू येत होतं. तिने पर्समधल्या फोनला हात लावला आणि बाहेर न काढता ठेवून दिला. बठ्ठं बराबर शे, एवढंच तिकडून येणार होतं. आज घरी गेल्यावर सासूबाईंना वेगळ्या तऱ्हेने विचारावं लागेल, समोर बसून, थोडं थांबून. आणि आपल्याकडचंही सांगावं लागेल.

भाऊ आत आले. कपाळावर घाम होता. कौतिकने उठून कूलर लावला.

"सोनल," ते म्हणाले, "ते कार्ड परत उघड."

कोणतं, हे सोनलने विचारलं नाही. लॅपटॉप पुढे ओढून तिने बंद कार्डांमधून ते काढलं. प्रशील खुर्चीसकट तिच्या शेजारी सरकला. त्याचा चेहरा उतरला होता, पण नजर स्क्रीनवर होती. नेट परत येताना नक्की काय आधी पोचतं, नाव की वजन, ते बघू, असं काहीतरी तो स्वतःशीच बोलत होता. सोनलने उघडायच्या बटणावर बोट ठेवलं. पुढे एक चौकट आली. पुन्हा उघडायचं तर चूक पुन्हा दिसली पाहिजे, हा तिथला नियम. चौकट ते विचारत होती: कुठे दिसला, केव्हा, कोणाला.

सोनलने मान वर केली. "भाऊ, हे काय भरू? मला तर तेव्हापासून दिसलाच नाही."

भाऊंनी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं, उजव्या रकान्याकडे. मग खुर्ची घेऊन ते सोनलच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि चष्मा लावला.

"धुळे," ते म्हणाले. "बुधवार. सकाळी."

सोनल टाइप करत गेली.

"आणि नाव?"

"माझं टाक."

तिची बोटं कळांवर थांबली. तिने आधी वृषालीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. भाऊंनी मान हलवली, आणि तिने ते भरलं.